वाया गेलेले ताव

वडाळ्याच्या प्रेसमध्ये बाबा मशीनवर होते.
लाल प्लेट केसभर सरकली
की राजकन्येचे ओठ हनुवटीवर उतरायचे,
आणि तो ताव आमचा.

जूनमध्ये त्यांचीच कव्हरं :
भूगोलावर लांडगा, गणितावर लग्न,
मराठीच्या वहीवर जंगल, तेही उलटं,
मुळं आभाळात.

पान एकच्या शेजारी पान सोळा.
"असंच लावतात," बाबा म्हणायचे, "घडी घातली की जुळतं."
आमच्या घरी घडी पडलीच नाही.
म्हणून माझ्या गोष्टीत आधी वरात,
मग सावत्र आई,
मग पोट भरलेला लांडगा,
आणि शेवटी एक मुलगी
टोपली घेऊन उंबऱ्याबाहेर.

कुडतरकरबाई म्हणाल्या, पुढे काय झालं?
म्हटलं, पुढे कुठलं, ती आत्ताच तर निघालीय.

परवा फोर्टच्या फुटपाथवर तेच पुस्तक मिळालं.
शिवलेलं, कापलेलं, पानं ओळीत.
सगळे सुखाने नांदू लागलेले.

बाबांच्या हातात दिलं.
चष्मा चढवून त्यांनी राजकन्येचे ओठ पाहिले,
कडेवरून अंगठा फिरवला.
"लाल बसलाय," म्हणाले,
आणि गोष्ट न वाचताच मिटलं.