नुरुंजी

सोलच्या मापो भागात, चौथ्या मजल्यावर,
झेरॉक्स यंत्राच्या उबेला बसून
आम्ही एक कुत्रा जन्माला घातला.

मुलगा तसा तयार होता.
हनुवटी जूनमध्येच भरून आली होती,
नाव बदललं होतं, जन्मगावही
थोडं समुद्राकडे सरकवलं होतं.
फक्त बालपण पोकळ वाजतं,
मार्केटिंगवाले म्हणाले.
बालपण त्याला नव्हतंच असं नाही:
इचॉनबाहेर बापाचं टायरचं दुकान,
सगळ्या कपड्यांना रबराचा वास.
पण वास विकायचा कसा?

कुत्रा पांढरा की पिवळा, यात चाळीस मिनिटं गेली.
‘पिवळा,’ उम बाई म्हणाल्या, ‘गरीब दिसतो, पण स्वच्छ.’
नाव मी सुचवलं. नुरुंजी.
भांड्याच्या तळाला धरलेली भाताची खरपुडी.
मुलाने पाठ केलं:
शाळेच्या फाटकाशी वाट बघायचा,
डावा कान जरासा फाटलेला.
डावा की उजवा, तीनदा चुकला.
शेवटी तळहातावर लिहून दिलं.

मग खोकी यायला लागली.
बुसानहून, ओसाकाहून, एक तर थेट लिमाहून.
विणलेले स्वेटर, चघळायची हाडं,
आणि एका बाईने डोळ्यांत घालायचे थेंब:
‘फोटोत डावा डोळा धुरकट वाटला.’
फोटो माझ्या मामेभावाच्या कुत्र्याचा.
खाण्याची पोती पार्किंगमधल्या मांजरांनी संपवली.

पाचव्या वर्षी, नव्या अल्बमच्या आदल्या आठवड्यात,
हिशेबनीस म्हणाला, आता म्हातारा झाला असेल ना तो?
मजकूर माझाच. ‘काल रात्री, झोपेत.’
थेट प्रक्षेपणात त्याने वाचायला घेतला,
दुसऱ्या ओळीशी अडला
आणि रडला.
असं रडणं आम्ही शिकवलं नव्हतं.
आमच्या रडण्यात नाक गळत नाही.
ती महागडी हनुवटी लटलट कापत होती,
आणि तीही ज्या बाजूने
कॅमेरा फिरवायचा नाही, त्या बाजूने.

विक्री तिप्पट झाली. उम बाईंनी मला पाकीट दिलं.

परतताना गाडीत मी विचारलं, कुणासाठी रडलास?
पुलावरच्या फलकावर त्याचाच चेहरा
शीतपेयाची बाटली धरून हसत होता,
तो मागे पडेपर्यंत तो बोलला नाही.
मग म्हणाला, ‘उजवा कान फाटका होता त्याचा.’
‘डावा,’ मी म्हटलं.
‘नाही,’ तो म्हणाला. ‘मला आठवतंय.’