सकाळचा फलक

बोरस्ते वकीलबाई म्हणाल्या, आधी तुमच्या शब्दांत सांगा,
कायद्याचे शब्द मी नंतर घालीन.

तर माझ्या शब्दांत:
पेठ नाका मागे पडला होता. रात्रीचे नऊ चाळीस.
मागच्या सीटवर सात घागरी, गोधडीत गुंडाळलेल्या,
हरसूलच्या एका लग्नात द्यायच्या.
रस्त्याची एक बाजू खणलेली. खडीचा ढीग.
ढिगाआड डंपर उभा, अंधाराच्याच रंगाचा.
मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही.
आपल्याकडे बंद पडलेल्या गाडीमागे
माणसं निदान झाडाची फांदी टाकतात.
फांदीसुद्धा नव्हती, बाई.

मी तांबट. मला आवाज कळतात.
पहिला गाडीचा.
दुसरा घागरींचा, सातही एकदम.
तिसरा अगदी बारीक, मनगटातला,
पत्रा जास्त ठोकला की कडेला तडकतो तसा.
तो मला एकट्यालाच ऐकू आला.

पंचनामा दुसऱ्या दिवशी अकरा वाजता झाला.
त्यात लिहिलंय, घटनास्थळी पिवळा फलक आहे:
काम चालू आहे. वाहने सावकाश चालवा.
गैरसोयीबद्दल क्षमस्व.
खोटं नाही. अकरा वाजता तो होता.
मी तेव्हा सिव्हिलमध्ये, हात छतापासून टांगलेला.

तिथेच एक जण आला, इस्त्रीच्या शर्टातला.
म्हणाला, इथे सही करा काका, गाडीचे पैसे लगेच,
कोर्टाच्या पायऱ्या कशाला झिजवता?
सहीचा हात प्लास्टरमध्ये होता,
ते एका अर्थी बरंच झालं.

एफआयआरची नक्कल फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे, बाई म्हणाल्या.
हक्क मागायला तीनदा गेलो.
तिन्ही वेळा चहा मिळाला.
चौथ्यांदा बाई आल्या, चहा नको म्हणाल्या.

मग डंपरचा मालक, त्याची विमा कंपनी, रस्त्याचा ठेकेदार,
सगळ्यांची नावं एका कागदावर आली, माझ्या नावासमोर.
आमच्या आळीत एवढी मोठी माणसं
माझ्यासमोर कधी उभी राहिली नव्हती.

डॉक्टरांनी लिहिलं: कायम अपंगत्व, अठरा टक्के.
उरलेल्या ब्याऐंशी टक्क्यांनी मी जेवतो,
शर्टाची बटणं लावतो, दाराला कडी घालतो.
ठोका त्या अठरात होता.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं, विचारलं,
तर बाई चष्मा काढून पुसत बसल्या.

समोरचे वकील म्हणाले, वेग किती होता?
मी म्हणालो, सात घागरी मागे ठेवून
तुम्ही किती वेगाने चालवाल?
प्रश्न आम्ही विचारायचे, ते म्हणाले.
चूक दोघांची आहे, निम्मी निम्मी करा, असंही म्हणाले.
निम्मी कुठून तोडायची ते मात्र नाही सांगितलं.
धातू तोडताना आम्ही आधी रेघ मारतो.

आता सगळं रंगनाथ पोटिंदेवर आलंय.
तो शेजारच्या गुलाबांच्या नर्सरीत रात्रीची राखण करतो.
मला गाडीतून बाहेर त्यानेच ओढलं.
पहाटे साडेपाचला एक टेम्पो आला, तो सांगतो,
दोन पोरांनी फलक उतरवला, खड्डा केला, उभा केला.
बघायला जवळ गेला, थंडी होती, जरा टेकला,
तर रंग ओला.
बाहीवर पिवळा पट्टा उठला,
वीतभर, आणि त्यात उलटं एक अक्षर, क्ष.

नऊ चाळीसला मी तोच शब्द शोधत होतो.
तो साडेपाचला आला.

एक घागर मी तशीच चेपलेली ठेवलीय.
बायको म्हणते, डाव्या हाताने का होईना, सरळ करा.
बाई म्हणतात, ती पुराव्यात दाखल नाही.
नसू दे.

पुढची तारीख चौदा.
आज संध्याकाळी पेठ रोडला जाऊन यायचंय,
रंगनाथला सांगायचंय,
स्वेटर धुऊ नकोस.