पायरी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
मी ती रोज पुसते,
डुलुथमध्ये, रात्री साडेनऊ ते दीड.
हिवाळ्यात बुटांबरोबर आलेलं रस्त्यावरचं मीठ
तीनदा पाणी बदललं तरी
वाळल्यावर पांढरं उमटतंच.

मारितला वकील व्हायचंय.
टेबलावर दोन पाकिटं.
पूर्वेकडचं जाड; नाव घेतलं की
किराणावालाही भुवया उंचावतो.
आत कर्जाचा तक्ता, माझ्या साठीपलीकडे जाणारा.
दुसरं इथलंच, टेकडीवरचं.
पातळ. फी माफ.

शाळेतले हाल्वर्सन सर म्हणाले,
लॉ स्कूल चार वर्षांनी.
ते बघतील गुण आणि एक परीक्षा.
आधी विषय कुठलाही चालतो.
त्या ‘कुठलाही’नं पोरीची दोन रात्री झोप उडवली.

मी काय सांगणार?
मला वकील माहीत आहेत ते टोपलीतून:
अर्धे सँडविच, फाडलेले मसुदे,
आणि भाडेकरूंच्या खटल्यांच्या दालनात
बाकाखाली टिश्यूंचे ओले बोळे.
कोण कुठल्या कॉलेजचा
हे केरावरून कळत नाही,
एवढंच म्हटलं.

काल तिनं पातळ पाकिटातला फॉर्म भरला.
विषय: भूगर्भशास्त्र.
“दगड?” मी विचारलं.
“इथली निम्मी भांडणं खाणींचीच आहेत ना, आई.”

जाड पाकीट अजून फ्रिजवर आहे.
धूळ पुसताना मी ते उचलते,
खालचं पुसते,
आणि होतं तसं ठेवते.