सालेपुरुगु

मागाच्या शेडबाहेर, दिव्याच्या खांबाला
एक विणकरीण राहते.
भाडं देत नाही.

शाळेत बाई म्हणतात, कोळी.
जाळं टाकतो, वाट बघतो, म्हणून.
आमच्या घरात तेलुगू.
नान्ना म्हणतो, सालेपुरुगु.
साले म्हणजे विणकर, म्हणजे आम्हीच.
पुरुगु म्हणजे किडा.

किडा नाही, नान्ना!
किड्याला पाय सहा. हिला आठ, मी मोजलेत.
"बरं. पण विणते ना?"

मी वही घेऊन शोधायला निघाले.

खिडकीत एक होता, तूरडाळीएवढा.
जाळंबिळं काही नाही!
पुढचे दोन डोळे मोठे, बाकीचे सहा इकडेतिकडे.
माशी दिसली की मांजरासारखा दबकतो,
आणि टुण्!
पण उडीआधी एक धागा मागे चिकटवतो,
चुकलाच, तर लोंबकळायला.
अम्मा विड्या वळत होती.
म्हणाली, "शहाणा आहे. तू शीक."

न्हाणीच्या कोपऱ्यात लांबुडक्या पायांचा.
फुंकर मारली की असा गदगदा हलतो
की दिसेनासाच होतो.
मी मारली. दोनदा.
मग सॉरी म्हटलं.

मार्डीला मामाकडे गेलो तेव्हा
रात्री माळावर बॅटरी मारली,
तर गवतात हिरवे ठिपके लुकलुकले.
ते कोळ्यांचे डोळे होते.
एकीच्या पाठीवर पिल्लंच पिल्लं,
आमच्या विडी घरकुलच्या रिक्षासारखी भरलेली,
एकही खाली पडेना.

सकाळी बाभळीवर मळकट फडकं अडकलेलं दिसलं.
फडकं कुठलं, घर होतं ते!
आत खूप जणी. टोळ अडकला
की सगळ्या धावतात, मिळून खातात.
"म्हणजे सोसायटीच की," नान्ना म्हणाला,
"चेअरमन कोण?"
पुष्कळ शोधला. नव्हता.

काल संध्याकाळी लाइट गेली.
खटाक्-खट, खटाक्-ख...
सगळे माग गप्प.
नान्ना घाम पुसत बाहेर आला,
आणि आम्ही बॅटरीच्या उजेडात तिला बघत बसलो.

तिने कालचं फाटकं जाळं गोळा केलं
आणि खाऊन टाकलं.
"बघ, सूत वाया घालवत नाही."
मग पोटातून नवं काढलं.
(नान्नाला गिरणीचं विकत आणावं लागतं.)
आधी कोरडे धागे, चाकाच्या आऱ्यांसारखे.
मग गोल गोल, चिकट.
एका पायाने अंतर मोजत, न चुकता.
तार तुटली नाही एकदाही.

लाइट आली. शेजारचे माग सुरू झाले.
नान्ना उठला नाही.
"थांब. तिची शेवटची फेरी होऊ दे."

मग त्याने बटण दाबलं. खटाक्-खट.
खांब हादरला, जाळं थरथरलं,
आणि ती झर्रकन वळली:
कोण आलं? कोण अडकलं?

कोणी नाही गं.
आम्हीच.