खर्ज

ज्योत्स्ना साडेआठला सिव्हिलमधून येते,
चपला हातात घेऊन जिना चढते, सवयीने,
उभ्या उभ्या दोन पोळ्या खाते
आणि पडदा ओढून झोपते.
नऊ ते तीन मी या घरात पाहुण्यासारखा वावरतो.
कुकर लावत नाही.
नळ सोडतो तोही धारेखाली बोट धरून.

अंबडच्या कारखान्यातून व्हीआरएस घेतली,
त्या पैशात एवढीच चैन केली:
भद्रकालीतून एक जुना अँप आणि दोन लाकडी स्पीकर,
एकाची जाळी कुणाच्या तरी मांजरानं ओरबाडलेली.

पण आवाज ठेवायचा किती?
दोनाच्या खाली.
आणि दोनाच्या खाली डग्गा मरतो.
चाट वाजते, गवय्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो,
पण तो ज्याच्यावर उभा आहे
ती जमीनच नाही.

पूर ओसरताना गोदावरी वरून खाली येते,
दुतोंड्या मारुतीच्या छातीवरून कमरेला, कमरेवरून गुडघ्याला,
घाटाच्या खालच्या पायऱ्या सगळ्यात शेवटी उघड्या पडतात.
आवाज ओसरतो तो उलटा.
आधी खालच्या पायऱ्याच जातात,
पाणी वरच्या वर लोंबकळत राहतं.

मुश्ताकभाई म्हणाले, मशिनीत खोट नाही, साहेब.
कानच असा असतो. हळू आवाजातलं बारीक तेवढं उचलतो,
जाड सोडून देतो.
मग त्यांनी एक बटण दाखवलं, 'लाउडनेस' लिहिलेलं,
अक्षरं अर्धी झिजलेली.
आधीच्या मालकाच्या घरातही
कुणीतरी झोपणारं होतं म्हणायचं.

बटण दाबलं. आवाजाला थोडी ओल आली.
स्पीकर मधल्या भिंतीपासून हातभर होते,
ते वीतभर आणले, मग चार बोटं.
भिंत आवाजाला पाठीवर घेते, हे खरंय.
एक कोपऱ्यात सरकवला,
तर तो घागरीत तोंड घालून बोलायला लागला.
खाली शहाबादीचे तुकडे घातले.
मागच्या भोकात पायमोजा कोंबून पाहिला, तो काढला.
मग माझी खुर्ची फिरवली खोलीभर.
खिडकीपाशी काही नाही.
मधोमध त्याहून काही नाही.
समोरच्या भिंतीला डोकं टेकलं तेव्हा
कुठूनसा एक ठोका आला, ओळख न दाखवता गेला.

पोरवयात कमरेला ढोल बांधायचो, रविवार कारंजावर.
तेव्हा कान लागतच नसत,
बरगड्या ऐकायच्या.
आणि आता
एका ठोक्यासाठी मी इंच इंच सोफा हलवतोय,
तोही न घासता, उचलून.

परवा ती तीनला उठून आली,
केस विस्कटलेले. चहाचा कप घेतला आणि म्हणाली,
दिवसभर काय ते धुमधुम लावलेलं असतं?
ऐकू येतं तुला? गाणं?
गाणं नाही. नुसतं ते.
भिंतीतून. उशीत.

म्हणजे महिनाभर मी इथं जे शोधत होतो
ते जाऊन तिच्या उशाशी बसत होतं.
बारीक सूर दाराशीच अडायचे,
जाड तेवढा भिंत ओलांडायचा.

बंद करतो, म्हटलं.
कप दोन्ही हातांत धरून तिनं जरा विचार केला.
रात्रभर आयसीयूत नुसतं टीं टीं टीं, म्हणाली,
सगळं बारीक, सगळं वरचं.
असू द्या चालू.
फक्त तो एक परत कोपऱ्यात नका नेऊ,
मंगळवारी माझे दात हलत होते.

आज खुर्ची नाही.
दोन स्पीकरांच्या मध्ये, भिंतीला पाठ लावून
फरशीवर बसलोय. आवाज दीडवर.
असं बसून गाणं नीट कळत नाही.
पलीकडे तिचं डोकं साधारण इथंच असेल,
थोडं डावीकडे.
मी सरकतो.