रुमालाची वीण

लोवेलनं ती उशीच्या अभ्र्यात घालून आणली,
रिकाम्या स्कूलबसच्या पुढच्या सीटवर ठेवून,
आजारी कोंबडी डॉक्टरकडे न्यावी तशी.
"आयसीमावशीची," म्हणाला. "वाजवत नव्हती ती.
भिंतीवर असायची नुसती.
विकली तर काय येईल?"

मी तिला टेबलावर उताणी निजवली.
लहानखुरी. कंबर इतकी बारीक
की मांडीवर घेतली तरी मांडी उरावी.
शिकागोहून टपालानं आलेली, सत्तावीस सालची,
अंडी विकून साठवलेल्या पैशांतून.
अंग साध्या बर्चचं,
त्यावर ब्रशानं ओढलेल्या शिसवाच्या रेघा.
मान जाड, कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी.
घोडी उचकटलेली, पोट फुगलेलं:
आतड्याच्या तारांसाठी बांधलेला जीव,
त्यावर कुणीतरी पोलाद चढवलं होतं,
आणि सैल करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

हलवली तर आत काही खुळखुळलं.
रॅटलसापाची शेपटी, नऊ कड्यांची.
आमच्या डोंगरांत घालतात अशी.
ओल धरत नाही, असं कुणी म्हणतं;
उंदीर येत नाहीत, असं कुणी.
उंदीर आलेले होते.
शेपटीच्या शेजारीच त्यांनी लोकरीचं घर केलं होतं.

मग दिवा खाली ओढला आणि पडदे पाहिले.
पहिले तीन झिजून सपाट,
मधल्या लाकडात बोटांच्या वाट्या पडलेल्या,
पाट्यावर रोजच्या वाटणानं पडावी तशी.
चौथ्यापासून पुढे सगळं कोरं.
फक्त सातव्यापाशी, बारीक तारेखाली,
एकच खळगा. खोल.
तीन पडद्यांत संसार केलेली बाई
तिथवर कशासाठी जायची?
तिथला एक सूर घेऊन परत यायची?

"वाजवत नव्हती म्हणालास?"
"आम्ही कधी ऐकलं नाही," लोवेल म्हणाला.
"मी तिच्याच घरी वाढलो. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून."

घोडीच्या पुढे व्हार्निश खडबडीत लागलं.
भिंग घेतलं.
उभे धागे, आडवे धागे,
एका कडेला हातशिलाईचे टाके:
घडी घातलेल्या रुमालाची वीण,
उन्हाळ्यांत मऊ झालेल्या व्हार्निशवर
दाबून दाबून उमटलेली.
तारांखाली रुमाल कोंबला
की गिटार बोलत नाही, कुजबुजते.
मांडीला कळतं, छातीला कळतं.
शेजारच्या खोलीला नाही.

"मावशीचे यजमान?"
"खाणीत. रात्रपाळी. एकतीस वर्षं.
दिवसा झोपायचे. पडदे ओढलेले असायचे.
आमच्याकडे चमचासुद्धा
कपाला लागू द्यायचा नाही, असं..."
आणि तो तिथेच थांबला.
मी त्याच्याकडे पाहिलं नाही.
सरसाचं भांडं ढवळत राहिले.

पाच आठवडे लागले.
घोडी बसवली, फुगवटा थोडा उतरवला, सगळा नाही.
हलक्या तारा लावल्या.
पडदे नवे घातले, पण वाट्या भरल्या नाहीत.
वीण तशीच ठेवली. शेपटी परत आत टाकली.
गिऱ्हाईक आलं तर यानं किंमत घटेल,
हे मी त्याला सांगणार होते.

तो आला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते.
वाजवता त्याला येत नाहीच.
स्टुलावर बसला, बसचा ड्रायव्हर बसतो तसा ताठ,
आणि अंगठ्यानं जाड तार एकदाच छेडली.

एवढ्याशा पेटीतून एवढा आवाज!
फळ्यांच्या थप्पीपर्यंत गेला, खिडकीच्या काचेला लागला,
आत शेपटीनं हलकेच साथ दिली,
आणि लोवेलचा तळवा
चटकन तारांवर पडला.

दोघंही गप्प.
दुकानात कुणी झोपलेलं नव्हतं.
रस्त्यावरून लाकडाचा ट्रक धडधडत गेला.
त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं,
दुसऱ्याचाच असावा तसं,
एकेक बोट उचललं.

मी किंमत सांगितली.
"हं," म्हणाला,
आणि तीच तार पुन्हा छेडली.