दप्तर

हार्लिन काउंटीचं कोर्ट आधी क्वेड गावात होतं,
एका खोलीचं, लाकडी, नालबंदाच्या भिंतीला टेकलेलं.
मग रेल्वे सहा मैल उत्तरेला गेली
आणि फेब्रुवारीतल्या एका रात्री ल्यूडेनच्या एकोणीस जणांनी
दोन घसरगाड्यांवर लादून सगळं दप्तर पळवलं:
जमिनी, लग्नं, मयती,
कोणाच्या डुकराच्या कानाला कसली खूण,
आणि झोपलेला कारकून, खुर्चीसकट.

एमिल वोसिका त्याचं नाव.
जाग आली तेव्हा तो दुसऱ्या गावात
कामावर हजर होता.
शेगडीवर त्याने शाई वितळवली, तारीख घातली
आणि लिहिलं, 'आज वारा.'

मी त्याच्या नातवाची मुलगी. आर्डिथ.
एकतीस वर्षं याच दप्तरामागे बसते.
खुर्ची तीच नाही. लोकांना ती तीच वाटते,
मी वाटू देते.

क्वेडमध्ये आता चार माणसं उरलीत.
अजून ल्यूडेनमधून साखर घेत नाहीत,
बावीस मैल लांब जातात.
पण बर्फात गाडी रुतली
तर ट्रॅक्टर घेऊन येतो तो नेमका
त्यांच्यातलाच कोणीतरी.
साखळी अडकवतो, ओढून काढतो,
जाताना स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो.
याला बोलणं म्हणत नाहीत.

वही क्रमांक एक, पान पहिलं, मोजणीदाराचं अक्षर:
'जमीन रिकामी.'
आणि लगेच खालच्या ओळीत:
'पाणी कुठे आहे ते ओटो बायकांनी दाखवलं.'
एकच हात, एकच शाई.
इतकी वर्षं मी ते पान उलटत आले,
धूळ झटकून.

एप्रिलमध्ये ओक्लाहोमाहून एक मुलगी आली.
तेच पान मागितलं.
काचेवर पालथं घालून मी प्रत काढली, हातात दिली.
ती उभ्यानेच वाचत होती, ओठ न हलवता,
बाहेर धान्याच्या कोठारावर कबुतरं बसत होती, उठत होती.

पानाला पंचवीस सेंट पडतात.
मी घेतले नाहीत.
ती गेल्यावर वाटलं, घ्यायला हवे होते,
पावती फाटली असती,
ती इथे आली होती याला कागद झाला असता.

धावत पार्किंगपर्यंत गेले, या गुडघ्यांनी.
परत येऊन वही उघडली.
आमच्या घराण्याच्या सवयीने आधी लिहिलं, 'आज वारा.'
मग तिचं नाव,
तिने सांगितलं तसं,
एकेक अक्षर विचारून.